आपल्या गच्चीचं पाणी कुणाच्या घरात?

गेल्या पावसाळ्यात कोंढव्यातल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये घोट्याएवढं पाणी साचायचं. गच्चीवरून उतरणारा पाईप तिथंच मोकळा सुटलेला होता. प्लंबरने सोपा मार्ग सांगितला: पाईप सरळ ड्रेनेजच्या चेंबरमध्ये सोडा. कमिटीत मी वयाने सगळ्यांत लहान, पण पुढे होऊन होकार मीच दिला. अर्ध्या दिवसात काम झालं, पार्किंग कोरडं झालं आणि माझं कौतुकही झालं.

पुढच्या मोठ्या पावसात उताराकडच्या बैठ्या घरांतून आरडाओरडा ऐकू आला. तिथल्या एका खालांच्या संडासाच्या भांड्यातून मैला उलटा वर आला होता. न्हाणी, स्वयंपाकाचा कोपरा, नमाजची जागा, सगळं नापाक झालं होतं. त्या मला म्हणाल्या, "बेटा, आमच्याकडे असं कधी होत नव्हतं." कारण मला ठाऊक होतं. मी गप्प राहिलो. आज त्याबद्दलच लिहितो आहे.

शहरात पाण्याच्या दोन वाटा असतात. संडास-मोरीचं पाणी मलवाहिनीतून शुद्धीकरण केंद्राकडे जातं. पावसाचं पाणी पावसाळी गटारातून ओढ्या-नद्यांकडे. मलवाहिनी किती मोठी असावी हे माणसं किती पाणी वापरतात त्यावरून ठरवतात, आणि त्यासाठी सरकारी हिशेब माणशी दिवसाला १३५ लिटरचा आहे. आमच्या इमारतीत साधारण ६० माणसं, म्हणजे दिवसभरात सुमारे ८,१०० लिटर. आता गच्ची बघा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आमची गच्ची २०० चौरस मीटरची. तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला की १०,००० लिटर! अख्ख्या इमारतीच्या दिवसभराच्या वापराहून जास्त पाणी तासाभरात त्याच नळीत. गल्लीतल्या दहा इमारतींनी हेच केलं तर मैला जाणार कुठे? सगळ्यांत खालच्या घरात.

आणि १०,००० लिटर म्हणजे एक मोठा टँकर. मे महिन्यात आम्ही जो पैसे मोजून मागवतो, तोच जून-जुलैत मैल्यात ओततो. कुरआनने ज्या पाण्याला पाक आणि बरकतीचं म्हटलंय, त्याचं हे आपण करतो.

तुंबलेलं चेंबर मोकळं करायला त्या दिवशी एक सफाई कामगार आला. हातात बांबू, पायात चप्पल. कुणीतरी म्हणालं, "उतर ना आत." २०१३ च्या कायद्याने सुरक्षासाधनांशिवाय माणसाला गटारात उतरवायला बंदी आहे. गटारातल्या मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ३० लाख रुपये केली. तरी माणसं मरतात, आणि बहुतेक ठरावीक जातींचीच. त्या दिवशी तो उतरला नाही, एवढंच आमचं नशीब. दुसरा 'उपाय' म्हणजे झाकण काढून पाणी सोडणं. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात मुंबईत एक नामवंत डॉक्टर अशाच उघड्या मॅनहोलमध्ये पडून वाहून गेले.

मित्र म्हणतात, "आपल्या गल्ल्यांत पावसाळी गटारंच नाहीत, असली तर कचऱ्याने भरलेली. आधी महापालिकेला विचारा." बरोबर आहे. विचारलंच पाहिजे, लेखी अर्ज देऊन, नगरसेवकाच्या दारात जाऊन. पण आपला पाईप चुकीच्या चेंबरमध्ये सोडून त्या अर्जावर सही कोणत्या तोंडाने करायची?

मुस्नद अहमदमध्ये एक रिवायत आहे. हजरत अब्बास (रजि.) यांच्या घराची पन्हाळ हजरत उमर (रजि.) यांच्या वाटेवर होती. एका जुम्याला तिच्यातून कोंबड्यांच्या रक्ताचं पाणी खलिफांच्या अंगावर पडलं. त्यांनी पन्हाळ काढायला लावली, घरी जाऊन कपडे बदलले आणि नमाज पढवली. मग कळलं की ती खुद्द प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बसवली होती. तेव्हा उमर (रजि.) यांनी अब्बास (रजि.) यांना आग्रह केला की माझ्या पाठीवर चढून ती होती तिथे पुन्हा बसवा. मी यातून दोन गोष्टी घेतो. छपराचं पाणी वाटेवर पडलं की तो केवळ घरमालकाचा मामला राहत नाही. आणि चूक आपली असेल तर ती दुरुस्त करायला आपलीच पाठ द्यावी.

या रविवारी एवढंच करा: गच्चीवर दोन बादल्या पाणी ओता आणि ते कुठल्या चेंबरमध्ये येतं ते पाहा. मैल्याच्या चेंबरमध्ये आलं तर पाईप वेगळा करा. पहिल्या पावसाची घाण वाहू द्या, मग पाणी गाळून टाकीत किंवा बोअरवेलच्या पुनर्भरणाला वळवा. पुण्यात यासाठी मिळकतकरात सवलतही मिळते. मोहल्ल्यात मोठं छप्पर बहुधा मशिदीचं असतं. तिथल्या जबाबदार मंडळींशी बोला. ते पाणी वुजूला, साफसफाईला उपयोगी पडेल.

आम्ही पाईप वेगळा केला. खालांकडे मी उशिरा गेलो, पण गेलो, आणि चूक माझी होती हे सांगितलं. त्यांच्या फरशीचा खर्च सोसायटीने दिला. पार्किंगमध्ये अजून थोडं पाणी साचतं. चपला हातात घेऊन जातो.