दोष कॅमेऱ्याचा नव्हता

माघ महिन्यात सुटीवर आलेल्या मुलाने कपाट आवरताना एक जुना, खिशात मावणारा डिजिटल कॅमेरा शोधून काढला आणि आजीच्या हाती ठेवला. मोबाइलमध्येच कॅमेरा आल्यापासून असे कॅमेरे घरोघरी पडून आहेत. ‘आजीला जमतो का, ते पाहा,’ असे मला सांगून तो पुण्याला परत गेला.

माझ्या मनात मात्र वेगळा हेतू होता. ७८ वर्षांच्या माझ्या आईने दिवाळीपासून घराबाहेर पडणे जवळजवळ सोडले होते. वर्तमानपत्र ती नुसते चाळून ठेवी. तांदूळ निवडण्याचे काम तिने सुनेकडे सोपवले होते. वडिलांना जाऊन वर्ष होत आले होते. दुःख आणि वय, असे निदान मी मनाशी करून टाकले होते. कॅमेऱ्याच्या निमित्ताने ती चार पावले चालेल, एवढीच अपेक्षा होती.

पहिली तपासणी बॅटरीची. वर्षानुवर्षे पडून राहिलेली लिथियम बॅटरी फुगली असेल तर ती चार्ज करू नये. टोचू किंवा जाळू तर मुळीच नये. ती ई-कचरा स्वीकारणाऱ्यांकडे द्यावी. आमची बॅटरी फुगली नव्हती, पण तिच्यात दमही उरला नव्हता. म्हणून नवी आणली.

फाल्गुनात एका सकाळी सात वाजता आम्ही नकाणे तलावावर गेलो. धुळ्यात या दिवसांत नऊनंतरचे ऊन वृद्धांना सोसत नाही, विशेषतः लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी सुरू असेल तर. सोबत पाणी हवेच. कॅमेऱ्याचे वजन जेमतेम सव्वादोनशे ग्रॅम. आईच्या मनगटाला ते जाणवले नाही. वृद्धांची कोरडी बोटे मोबाइलच्या काचेला पुष्कळदा ओळखू येत नाहीत. येथे मात्र बटण दाबले की बोटाला खटका समजतो. ते आधी अर्धे दाबायचे, कॅमेऱ्याने नेम धरला की पूर्ण दाबायचे, हे तिला दोन दिवसांत साधले. हात थरथरत असेल तर कोपरे बरगड्यांना टेकवावीत, झाडाला किंवा बाकाला पाठ लावावी आणि श्वास हळूच सोडताना बटण दाबावे. पट्टा मनगटात अडकवलेला असावा. एक नियम मात्र आम्ही कडकपणे पाळला: चालताना पडद्याकडे पाहायचे नाही. आधी थांबायचे, पाय स्थिर करायचे, मग कॅमेरा उचलायचा. या वयात पडणे म्हणजे खुब्याच्या हाडाशी गाठ असते.

ऊन वर आले तसे पडद्यावर काही दिसेनासे झाले. मलाही दिसत नव्हते. त्यामुळे आईने डोळ्यांवर आडवा हात धरला, तोंड फिरवले आणि ‘चला घरी’ म्हटले, याचे मला विशेष वाटले नाही. दोष मी कॅमेऱ्याच्या खाती लिहिला.

पुढच्या रविवारी मुंबई-आग्रा रस्त्याने लळिंगकडे गेलो. किल्ल्याच्या पायथ्याशी एक पळस फुलला होता. पान एक नाही, सारे झाड केशरी. खालच्या फांदीवरच्या फुलांचे आईने जवळून फोटो घेतले. घरी आल्यावर सावलीत बसून ते पाहू लागली आणि नाराजीने म्हणाली, “हाऊ फोटो धुरकट दिखस ना रे!”

मी कॅमेऱ्याच्या मागे लागलो. काचेवर बोटाचा ठसा असेल, म्हणून ती मऊ कापडाने पुसली. जवळच्या वस्तूंसाठी असलेली फुलाच्या चिन्हाची सोय सुरू केली. भिंगाने मिळणारी जवळीक संपल्यावर कॅमेरा चित्राचा तुकडाच ताणून मोठा करतो आणि चित्र फिसकटते. ती सोय बंद केली. हात हलला असेल, म्हणून कॅमेरा कठड्यावर ठेवून फोटो काढायला लावले. आईचे म्हणणे तेच: धुरकट.

गुढीपाडव्याला पांझरेकाठी एकवीरा देवीचे दर्शन घेऊन परतताना तिने देवपुरातल्या एका घरावरच्या गुढीचा फोटो घेतला. संध्याकाळी आम्ही तो टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर लावला. माझ्या बारा वर्षांच्या पुतणीने गुढीला बांधलेल्या साखरेच्या हारातील पदके भराभर मोजली. आई शेजारीच बसली होती. तिने विचारले, “हार कोठे आहे?”

त्या क्षणी मला माझीच लाज वाटली. मी तिचा डावा डोळा तळहाताने झाकून समोरची दिनदर्शिका वाचायला सांगितली. तारखांचे मोठे आकडे तिने वाचले. खालचे सण वाचता आले नाहीत. मग उजवा डोळा झाकला. आता आकडेही नाहीत. दोन हातांवर धरलेली माझी बोटे तेवढी मोजता आली. नेत्रतज्ज्ञांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचे सांगितले, डाव्यात अधिक पिकलेला. दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक वृद्धाला ‘दिसते कसे?’ असे विचारणारा मी, माझ्याच घरात तो प्रश्न विचारायला विसरलो होतो.

मोतीबिंदू दुखत नाही आणि एका दिवसात वाढत नाही. म्हणून तो घरात कोणाच्या लक्षात येत नाही. एक डोळा दुसऱ्याची उणीव झाकत राहतो. माणूस तक्रार करत नाही, फक्त एकेक काम सोडून देतो: वाचन, शिवण, निवडटिपण, संध्याकाळचे फिरणे. उन्हात किंवा समोरून येणाऱ्या दिव्यांनी डोळे दिपतात, चष्म्याचा नंबर वारंवार बदलतो, पायरी चुकते. आपण मात्र ‘वय झाले’ म्हणून मोकळे होतो.

म्हणून घरातील ज्येष्ठांची ही साधी चाचणी आजच करावी. नेहमीचा चष्मा लावून, पुरेशा उजेडात, एकेक डोळा झाकून दिनदर्शिका वाचायला सांगावी. नंतर खिडकीच्या उभ्या गजांकडे पाहायला सांगावे. सरळ गज वाकडे दिसले तर दोष नेत्रपटलाचा असू शकतो. तपासणी लांबवू नये. अचानक दृष्टी जाणे, डोळा लाल होऊन ठणकणे, डोळ्यापुढे वीज चमकल्यासारखे होणे किंवा पडदा आल्यासारखे वाटणे, या तक्रारी त्याच दिवशी दाखवाव्यात. मधुमेह असेल तर दृष्टी चांगली असली तरीही वर्षातून एकदा बाहुली मोठी करून नेत्रपटल तपासून घ्यावे.

कॅमेऱ्याची काच पुसता येते. डोळ्यातील भिंग गढुळले की ते कोणत्याही थेंबांनी स्वच्छ होत नाही. शस्त्रक्रिया हाच उपाय. ती बहुधा भूल देऊन झोपवल्याशिवायच होते आणि रुग्ण सहसा त्याच दिवशी घरी येतो. खर्चाची अडचण असलेल्यांनी शासकीय रुग्णालयात चौकशी करावी; अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून सुरू असून त्याखाली ही शस्त्रक्रिया विनामूल्य होते.

आईच्या डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया चैत्रात झाली. नेत्रतज्ज्ञांची परवानगी मिळाल्यावर, आखाजीला, तिने पुन्हा कॅमेरा हाती घेतला आणि झोक्यावरच्या मुलींचे फोटो काढू लागली. तेव्हा त्याचा खरा दोष कळला: बटण दाबल्यावर तो क्षणभर रेंगाळतो, तोवर झोका चौकटीबाहेर गेलेला असतो. स्थिर वस्तूंना मात्र तो उत्तम आहे. कपाटात असेल तर अवश्य बाहेर काढावा. नवा विकत घेण्याची गरज नाही.

त्या रात्री ती लळिंगचे फोटो पुन्हा पाहत बसली होती. बराच वेळ एकाच फोटोवर थांबली. मग पळसाच्या पाकळीच्या कडेवर बोट ठेवून मला हाक मारली, “आठे मुंगळा बी से!”