एकोणतीस तारखेचे पान

आमचा प्रवास म्हणजे जैनथ ते आदिलाबाद, आणि लग्नकार्य निघालेच तर पैनगंगा ओलांडून पांढरकवडा-वणीपर्यंत. अशा माणसाने अर्जेंटिनावर लिहावे, हे धाडसच होय. परंतु यंदा दिवाळीत अर्जेंटिनाच आमच्या ओसरीवर येऊन बसला, त्याला आमचा इलाज नाही.

त्याचे असे झाले. हैदराबादेस नोकरी करणारा आमचा एक माजी विद्यार्थी कंपनीच्या कामासाठी वर्षभर ब्वेनोस आयरेस येथे राहून आला. सणाला गावी आल्यावर तो पत्नी आणि कन्येसह भेटीस आला. येताना त्याने भोपळ्याचा एक लहानसा तुंबा, धातूची नळी आणि पुडीभर वाळका पाला आणला होता. या पेयाला तिकडे ‘माते’ म्हणतात, हे ऐकताच आमच्या सौभाग्यवतींनी हात जोडले!

पाला तुंब्यात भरायचा, वर कढत पाणी ओतायचे (उकळते मात्र नव्हे) आणि नळीने ओढायचे. चव गुढीपाडव्याच्या कडुलिंबाची आठवण करून देणारी. पहिला तुंबा वाढणाऱ्याने स्वतः प्यायचा. मग पुन्हा पाणी घालून तोच तुंबा, तीच नळी शेजाऱ्याच्या हाती. उष्ट्या-खरकट्याचा विचार करणारे आम्ही क्षणभर बिचकलो. मग चावडीवर हातोहात फिरणारी चिलीम आठवली आणि शंका मिटली. आम्ही दोन घोट घेतले, सभ्यपणे ‘धन्यवाद’ म्हणून तुंबा परत केला, आणि पुढच्या फेरीतून वगळले गेलो. तिकडे माते परत देताना धन्यवाद म्हणणे याचा अर्थ ‘आता पुरे’ असा होतो, हे आम्हांस मागाहून कळले.

त्याने पुष्कळ सांगितले. तिकडे डिसेंबरात ऐन उन्हाळा असतो. रात्रीचे जेवण नऊ-दहापूर्वी नाही. रविवारी निखाऱ्यांवर मांस भाजीत सारे कुटुंब दुपारभर अंगणात रमते. आणि महिन्याच्या एकोणतीस तारखेला घरोघरी ‘न्योकी’ करतात. बटाटा आणि मैद्याच्या या उकडलेल्या गोळ्या मूळच्या इटलीच्या. महिनाअखेर खिसा रिकामा, तेव्हा स्वस्तातले हे जेवण. बरकत यावी म्हणून ताटाखाली एखादी नोट ठेवतात. महिनाअखेर म्हणजे काय, हे शिक्षकाला समजावून सांगावे लागत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लाखो इटालियन आणि स्पॅनिश माणसे त्या देशात उतरली. १९१४ च्या जनगणनेत दर शंभरांत सुमारे तीस रहिवासी परदेशात जन्मलेले होते. आमच्या विद्यार्थ्याचा घरमालक अशाच एका इटालियन कुटुंबातला. एका एकोणतीस तारखेस त्याच्याकडे जेवताना याने सहज विचारले, “घरी इटालियन बोलता का?” तो हसून म्हणाला, “आजोबा बोलत. वडिलांना समजत असे. आम्ही खातो.”

वाचकहो, हे ऐकून आमच्या हातातील करंजी हातातच राहिली.

कारण ओसरीच्या पायरीवर त्याची आठ वर्षांची कन्या बसली होती. आम्ही मराठीत विचारलेले तिला सारे समजत होते. उत्तरे मात्र इंग्रजीत येत होती. तिच्या बापाला आम्हीच बाराखडी शिकवली. पण त्याला बोल कसा लावावा? आमचा स्वतःचा नातू इंग्रजी शाळेत जातो, आणि त्याच्या प्रवेशाच्या अर्जावर सही आम्हीच केली आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आमच्या जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा मुंबई राज्यात गेले. आम्ही आंध्र प्रदेशात राहिलो आणि २०१४ पासून तेलंगणात आहोत. तेलुगू आमच्या रोजच्या व्यवहाराची भाषा. तिच्याविषयी तक्रार नाही. मराठी गेली तर ती आमच्याच घरातून जाईल. पुरणपोळी राहील, दिंडी राहील, आणि कुणी विचारलेच तर आमचा पणतूही हसून म्हणेल, “आम्ही खातो.”

परंतु त्याच देशात दुसराही दाखला आहे. आपल्या भाषेवर इंग्रजीचे दडपण नको म्हणून वेल्समधील सुमारे दीडशे माणसे १८६५ साली ‘मिमोसा’ जहाजाने पातागोनियाच्या ओसाड किनाऱ्यावर उतरली. चुबुत नदीचे पाणी कालव्यांनी फिरवून त्यांनी शेती उभी केली. पुढे शाळा स्पॅनिश झाल्या आणि घरची भाषा क्षीण होत गेली. तथापि त्यांचा काव्यगायनाचा उत्सव आजही भरतो, आणि उत्तम कवीला सन्मानाचे आसन मिळते. १९९७ पासून तर वेल्समधून तेथे दरवर्षी शिक्षक येतात. पाणी जसे वळवून आणावे लागते, तशीच भाषाही. ती आपोआप शेतात शिरत नाही.

आमच्यासाठी कुठून शिक्षक येणार? आम्हीच शिक्षक आहोत. म्हणून एक बेत केला आहे, तो वाचकांपुढे ठेवतो. दर महिन्याच्या एकोणतीस तारखेस घरातील लहानाने मराठीचे एक पान मोठ्याने वाचावे आणि सर्वांनी ऐकावे. ताटाखाली नोट ठेवायची असल्यास आमची हरकत नाही.

गेल्या एकोणतीस तारखेस आमच्या घरी आरंभ झाला. नातवास एक पान वाचण्यास अर्धा तास लागला. जोडाक्षरांशी झुंजून घामाघूम झालेला तो शेवटी पुस्तक मिटून म्हणाला, “धन्यवाद, आजोबा.”

आम्ही पुस्तक पुन्हा उघडून त्याच्या हाती दिले. अजून पुरे झालेले नाही.