शब्द तुमचा, नाव आमचं

मराठीच्या प्राध्यापकाच्या हाती लाल पेन्सिल असली, की त्याला सारे जग म्हणजे एक उत्तरपत्रिकाच वाटू लागते. दुकानांच्या पाट्या, लग्नपत्रिका, वाण्याची यादी, काही म्हणता काही सुटत नाही. आमच्या घरी तर माहेरची पत्रे माझ्यापासून लपवून ठेवण्याची प्रथा पडली आहे!

या पेन्सिलीने एकदा माझी चांगलीच खोड मोडली. वर्गाच्या यादीत एका मुलाचे आडनाव ‘दिक्षित’ असे होते. ‘दीक्षा’तली ‘दी’ दीर्घ, हे शाळकरी पोरही सांगेल. मी वेलांटी दुरुस्त केली आणि समाजावर उपकार केल्याच्या समाधानात चहा घेतला. पुढे गुणपत्रिकेवर ‘दीक्षित’ आले. शाळेच्या दाखल्यावर मात्र ‘दिक्षित’च होते. शिष्यवृत्तीच्या कचेरीने विचारले, ही माणसे दोन की एक? प्रतिज्ञापत्र होईपर्यंत मुदत टळली आणि शिष्यवृत्ती गेली.

मुलाचे वडील भेटायला आले. ते रागावले नाहीत, हेच मला अधिक लागले. एवढेच म्हणाले, “प्रोफेसरसाहेब, शब्द तुमचा, तो खुशाल सुधारा. पण नाव आमचं. माझे वडील अशीच सही करत आले.”

मी निरुत्तर झालो. तरी मनातला व्याकरणकार कुरकुरतच होता. त्याला गप्प केले ते दूर प्राग शहरातल्या एका आडनावाने.

फ्रांझ काफ्का हा लेखक १८८३ साली प्रागमध्ये जन्मला. त्याने लिहिले जर्मन भाषेत, पण आडनाव चेक वळणाचे. चेक भाषेत ‘काव्का’ म्हणजे कावळ्याच्या कुळातला, करड्या मानेचा एक लहान पक्षी. लिहिताना त्यात ‘व’ असतो. परंतु पुढे ‘क’ आला, की बोलताना त्या ‘व’चा ‘फ’ होतो. आपणही घाईत ‘आजकाल’चे ‘आच्काल’ करतोच की! संस्कृतात ‘उद्’ला ‘कर्ष’ भेटला, की ‘उत्कर्ष’ होतो आणि तो तसाच लिहितातही. चेक लेखनात मात्र असा बदल कानापुरताच राहतो. त्यामुळे प्रागमधल्या एखाद्या पोराने ऐकल्याबरहुकूम पक्ष्याचे नाव ‘काफ्का’ असे लिहिले, तर बाई त्याखाली रेघ ओढणार.

आणि गंमत पाहा, तीच चुकलेली अक्षरे एका घराण्याचे अगदी बरोबर आडनाव! त्या देशात कोणी ‘काव्का’ लिहितात, कोणी ‘काफ्का’. दोघेही आपापल्या जागी शुद्ध. फ्रांझचे वडील हेर्मान यांना तर या नात्याचा संकोच नव्हता. त्यांनी आपल्या दुकानाचे बोधचिन्ह म्हणून तोच पक्षी निवडला होता. पक्षी ‘व’चा, मालक ‘फ’चे!

शब्द सर्वांचा असतो, म्हणून त्याला सर्वांचा नियम. नाव एकाच घरचे असते. ते बापाने सही करून मुलाच्या हाती दिलेले असते. तिथे कोशाचा अधिकार संपतो. हे मला कळले खरे, पण त्याची किंमत दुसऱ्याच्या मुलाने मोजली. त्या वर्षीची फी मी भरू केली. वडिलांनी नम्रपणे नाकारली. तेव्हापासून वर्गात पहिल्या दिवशी मी प्रत्येकाला विचारतो, “तुझं नाव तू कसं लिहितोस?” आणि तसेच उतरवून घेतो.

तो मुलगा आता नोकरीला लागला आहे. यंदा त्याचे दिवाळीचे भेटकार्ड आले. खाली ठसठशीत सही होती, ‘दिक्षित’. वर लिहिले होते, ‘आपले आशिर्वाद असावेत.’

सहीला मी हात लावला नाही. पण ‘आशिर्वाद’मधली ‘शि’ मात्र हळूच दीर्घ केली. शब्द माझा होता ना!