जक्कयाने हिशेब दिला होता

निवडणूक जवळ आली की आपल्या धर्मग्रामांतून एक वाक्य हमखास कानी पडते: झाले गेले विसरावे, माणसाला संधी द्यावी, आपण कोण त्याचा न्याय करणारे? मिस्सा आटोपून आवारात उभी असलेली जाणती माणसेही हे बोलतात, आणि बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर क्षमाशीलतेचे समाधान असते. हे समाधान मला मान्य नाही. क्षमा हा आपल्या श्रद्धेचा गाभा आहे हे खरे. परंतु त्या थोर शब्दाच्या आडून आपण एक सोयीचा विसर जोपासतो आहोत, आणि त्या विसराची किंमत आपल्याहून गरीब माणसे मोजत आहेत.

नाशिक धर्मप्रांताच्या उत्तर टोकाला असलेला नंदुरबार जिल्हा घ्या. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात दहांपैकी सुमारे सात माणसे आदिवासी. लोकसभेची जागा राखीव, विधानसभेच्या चारही जागा राखीव. म्हणजे आदिवासींच्या नावाने येणारा पैसा आणि आदिवासींच्या मताने निवडून येणारा प्रतिनिधी यांची गाठ येथे रोजच पडते. २००४-०५ ते २००८-०९ या काळात आदिवासी विकास खात्याच्या योजनांत मोठा गैरव्यवहार झाल्याची तक्रार जनहित याचिकेद्वारे मुंबई उच्च न्यायालयात गेली. योजना कसल्या, तर शेताला पाणी देणारे पंप, गॅसच्या शेगड्या, दुभती जनावरे अशा. न्यायालयाच्या आदेशाने २०१४ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती एम. जी. गायकवाड यांची चौकशी समिती नेमली गेली. तिचा अनेक खंडांचा अहवाल २०१७ मध्ये शासनाकडे आला. अहवालावर काय करावे हे सांगण्यासाठी शासनाने माजी सनदी अधिकारी पी. डी. करंदीकर यांची आणखी एक समिती नेमली. (समितीच्या अहवालावर समिती नेमण्यात आपल्या शासनाचा हात कोणी धरणार नाही.)

चौकशीच्या त्या काळात हे खाते नंदुरबारचे आमदार डॉ. विजयकुमार गावित यांच्याकडे होते, आणि अहवालात त्यांच्याही नावाचा उल्लेख आहे. डॉ. गावितांनी आरोप नाकारले आहेत. कोणत्याही न्यायालयाने त्यांना दोषी ठरवलेले नाही. ही दोन्ही वाक्ये मी मुद्दाम एकामागून एक लिहितो, कारण पुढचा सारा युक्तिवाद त्यांच्यामधल्या फटीत आहे. २०१४ मध्ये ते राष्ट्रवादी काँग्रेसमधून भारतीय जनता पक्षात गेले. ज्या पक्षाने विरोधात असताना आदिवासी विकासातील गैरकारभारावर आवाज उठवला होता, त्याच पक्षाच्या सत्तेत ते ९ ऑगस्ट २०२२ रोजी, म्हणजे जागतिक आदिवासी दिनी, मंत्रिपदाची शपथ घेते झाले आणि पुन्हा त्याच खात्याचे मंत्री झाले. २०२४ च्या अखेरीस बनलेल्या मंत्रिमंडळात त्यांना स्थान मिळाले नाही. आमदार मात्र ते पुन्हा निवडून आले. त्यांना दोषी मानावे असे माझे म्हणणे नाही. माझा प्रश्न त्यांना मंत्री करणाऱ्या पक्षाला आहे: अहवाल चूक होता असे तुम्ही म्हणता का? तसे असेल तर तसे कारणांसह सांगा. बरोबर होता म्हणता, तर हे खाते त्यांनाच कसे? या दोहोंपैकी एकही उत्तर न देता पाच वर्षे काढता येतात, याचे कारण ते उत्तर कोणी मागत नाही.

आता दुसरी बाजू. आरोप झाला म्हणजे पाप झाले, असे धरून चालणे हा अन्याय आहे, आणि त्याचा दाखला याच नावाशी जोडलेला आहे. ऑगस्ट २००३ मध्ये अण्णा हजारे यांनी चार मंत्र्यांविरुद्ध उपोषण केले. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचा आयोग नेमला गेला. फेब्रुवारी २००५ मधील आयोगाच्या अहवालाने सुरेश जैन, नवाब मलिक आणि पद्मसिंह पाटील या तिघांवर ठपका ठेवला, चौथे डॉ. गावित, त्यांना मात्र निर्दोष ठरवले. एवढेच नव्हे, तर हजारे यांच्या स्वतःच्या संस्थेच्या कारभारावरही आयोगाने ताशेरे ओढले. चौकशी अशी असावी. तिने आरोप करणाऱ्यालाही तागडीत बसवले. तेव्हा जो अहवाल निर्दोष म्हणतो तो स्वीकारायचा आणि जो ठपका ठेवतो तो कपाटात घालायचा, हे चालणार नाही. आणि याच्या उलट वागणेही चालणार नाही.

शिवाय सगळे गुन्हे एका मापाचे नसतात. २०२४ च्या महाराष्ट्र विधानसभेत निवडून आलेल्या ज्या २८६ आमदारांची प्रतिज्ञापत्रे असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स या संस्थेने तपासली, त्यांपैकी १८७ जणांनी आपल्यावर फौजदारी खटले असल्याचे स्वतःच लिहून दिले आहे. हा आकडा वाचून अंगावर काटा येतो. परंतु सरदार सरोवराच्या पाण्याखाली अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील तेहतीस गावे जात असताना जे रस्त्यावर बसले, जमावबंदी मोडून पकडले गेले, तेही कागदोपत्री गुन्हेगारच. सत्तरच्या दशकात शहाद्याच्या सालदारांच्या बाजूने उभे राहिलेल्यांवरही खटले होते. अशा माणसाचा भूतकाळ तपासून पाहिला, तर तो त्याच्या बाजूनेच साक्ष देईल. तपासणीला भिणारा माणूस निराळा.

मग कोणी म्हणेल, न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत थांबावे. थांबावे, पण किती? शेजारच्या जळगावात झोपडपट्टीतल्या लोकांसाठी हजारो घरे बांधण्याची योजना नगरपालिकेने नव्वदच्या दशकात काढली. पैसा गेला, बहुतेक घरे झालीच नाहीत. २००६ मध्ये फिर्याद दाखल झाली. २००९ मध्ये जळगावच्या मतदारांनी सुरेश जैन यांना पुन्हा आमदार केले. २०१२ मध्ये त्यांना अटक झाली. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने अठ्ठेचाळीस जणांना दोषी ठरवले. जैन यांना सात वर्षे कैद आणि शंभर कोटी रुपये दंड. त्यावर पुढे अपिले झाली. फिर्यादीपासून निकालापर्यंत तेरा वर्षे. ज्याच्या नावाने घर मंजूर झाले होते त्याचे लेकरू तोवर पत्र्याखालीच कर्ते झाले. नागपूर जिल्हा बँकेच्या प्रकरणात तर २००२ चा व्यवहार आणि २०२३ च्या डिसेंबरमध्ये माजी मंत्री सुनील केदार यांना शिक्षा, असे एकवीस वर्षांचे अंतर आहे. शिक्षा झाल्यावर कायदा कडक आहे, यात शंका नाही. दोन वर्षे वा अधिक शिक्षा झालेल्या लोकप्रतिनिधीला अपिलाच्या आडोशाने पद टिकवू देणारी पळवाट १० जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंद केली. तो खटला लढणाऱ्या ज्येष्ठ वकील लिली थॉमस केरळच्या. पण कैद देणे हे न्यायाधीशाचे काम, आणि विश्वास टाकणे हे मतदाराचे. घरात गडी ठेवताना आपण न्यायालयाचा दाखला मागत नाही. मागच्या मालकाकडे चौकशी मात्र करतो.

आता आपल्या धार्मिक आक्षेपाकडे येतो, कारण खरे भांडण तेथेच आहे. पहिला दगड निष्पापाने मारावा, हा प्रसंग येथे हटकून सांगितला जातो. त्या प्रसंगात मध्ये उभी असलेली स्त्री एकटी होती, दुबळी होती, आणि जमाव तिच्या जिवावर उठला होता. आपल्या उमेदवाराभोवती गाड्यांचा ताफा असतो, बंदोबस्त असतो; आणि आपल्या हातात दगड नसून मत असते. मत न मिळाल्याने कोणी मरत नाही. प्रभूने त्या स्त्रीला वाचवले ते बलवानांच्या हातून. तोच प्रसंग बलवानांना वाचवण्यासाठी वापरणे म्हणजे शुभवर्तमान उलटे धरून वाचणे होय.

जक्कयाचे उदाहरण मला अधिक जवळचे वाटते, कारण तो सार्वजनिक पैशाशी संबंध असलेला माणूस. यरीहोचा मुख्य जकातदार. प्रभू त्याच्या घरी आधी गेला, हिशेब मागून मग गेला नाही, हे मान्य. परंतु जक्कय नुसता रडला नाही. तो सर्वांसमोर उभा राहिला, अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ केली आणि ज्याचे लुबाडले त्याला चौपट परत करण्याचे वचन दिले. तारण त्या घरात आले ही घोषणा त्यानंतरची आहे. चौपट राहो, लुबाडलेले मुद्दल परत करणारा लोकप्रतिनिधी तुम्ही पाहिला आहे काय? प्रायश्चित्त संस्काराची शिकवण घेताना लहान मुलांनाही आपण सांगतो की चोरलेली पेन्सिल परत केल्यावाचून पापनिवेदन पुरे होत नाही. पेन्सिलीला जो नियम, तो पंपाला नाही?

पेत्राचा दाखलाही दिला जातो: तीनदा नाकारूनही कळप त्याच्याच हाती सोपवला गेला. अगदी बरोबर. पण त्यालाही तीनदा विचारले गेले, आणि तिसऱ्यांदा त्याला ते लागले. त्याहून महत्त्वाचे असे, की त्याने नाकारल्याची हकीकत चारही शुभवर्तमानांत नोंदलेली आहे. ख्रिस्तसभेने आपल्या पहिल्या प्रमुखाचा अपराध खोडून टाकला नाही. दरवर्षी पवित्र आठवड्यात तो मोठ्याने वाचला जातो. क्षमा झाली आणि नोंदही राहिली. इ. स. ३९० मध्ये थेस्सलनीकात हजारोंची कत्तल करवणाऱ्या सम्राट थिओडोसियसला संत अंब्रोज यांनी लोकांदेखत प्रायश्चित्त केल्यावाचून पवित्र सहभागिता दिली नाही. पाप चारचौघांत झाले असेल, तर त्याचे प्रायश्चित्त कानात कुजबुजून भागत नाही.

हे आपणच विसरलो तेव्हा काय झाले, तेही सांगायला हवे. २००२ मध्ये अमेरिकेतील बोस्टन येथे उघड झाले की बालकांवर अत्याचार करणाऱ्या धर्मगुरूंना वर्षानुवर्षे एका धर्मग्रामातून दुसऱ्या धर्मग्रामात धाडले जात होते. जागा बदलली की जुने मिटले, अशी समजूत. राजकारणात या समजुतीला पक्षांतर म्हणतात.

राहता राहिला तो रस्ता. अमक्याने रस्ता दिला, तमक्याने आमदार निधीतून सभामंडप दिला, चर्चच्या आवाराला भिंत बांधून दिली. निधी शासनाचा, म्हणजे आपलाच. तरी भिंतीवर नाव त्याचे, आणि त्या भिंतीच्या आत त्याच्याविषयी कोणी अवाक्षर काढत नाही. आपण स्वस्तात गप्प बसतो, एवढेच येथे म्हणतो. शहादा तालुक्यातील टेंभली येथे २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिला आधार क्रमांक दिला गेला. आता या डोंगरातल्या म्हातारीला शिधा घेण्यासाठी बोटाचा ठसा उमटवून आपण कोण हे सिद्ध करावे लागते. तिच्या मतावर निवडून येणाऱ्याने आपण कोण हे सांगायला नको?

तसे सांगण्याची सोय आता कायद्यात आहे. उमेदवाराने प्रतिज्ञापत्रात खटले, मालमत्ता आणि कर्जे लिहून द्यायची असतात; २०१८ च्या निकालानुसार खटल्यांची माहिती वृत्तपत्रांत तीनदा छापायची असते; २०२० पासून अशा उमेदवाराला का निवडले याचे कारण पक्षाने जाहीर करायचे असते, आणि तो निवडून येऊ शकतो हे कारण पुरत नाही. पण ते छापले जाते बारीक अक्षरात. धडगावच्या पाड्यावर ते वाचणार कोण?

माझी सूचना एवढीच आहे. मतदानाआधीच्या रविवारी, वेदीवरून नव्हे, मिस्सा संपल्यावर आवारात, प्रत्येक उमेदवाराचे प्रतिज्ञापत्र मोठ्याने वाचावे. सगळ्यांचे, एकाचेच नव्हे. नवापुरात मावचीत, धडगावात पावरीत, जेथे जी बोली असेल तीत. वाचणाऱ्याने आपले एक वाक्यही जोडू नये. चर्चने राजकारणात पडू नये असे कोणी म्हटले, तर वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईच्या लढ्यात उतरले तेव्हाही हेच म्हटले गेले होते, याची आठवण द्यावी. वाचनाला सर्व उमेदवारांना बोलवावे, खुर्ची द्यावी, चहा द्यावा. आणि पंप, शेगड्या, जनावरे ज्यांच्या नावाने लिहिली गेली त्यांना पुढच्या रांगेत बसवावे.