सदोष वाहने आणि जिवाचे मोल

वाहनाचा एखादा भाग सदोष निघाला तर उत्पादकाने ते परत बोलावून विनामूल्य दुरुस्त करून द्यावे, यासाठी कायद्याची सक्ती कशाला, असे विचारले जाते. बाजारात आपले नाव राखण्यासाठी उत्पादक हे आपण होऊनच करील, असा त्यामागचा युक्तिवाद आहे. अमेरिकेतील जनरल मोटर्सचा इतिहास या युक्तिवादाला दुजोरा देत नाही.

या कंपनीने १९७३ ते १९८७ या काळात बनविलेल्या पिकअप ट्रकांच्या पेट्रोलच्या टाक्या सांगाड्याच्या मजबूत चौकटीबाहेर, कडेला बसविलेल्या होत्या. बाजूने धडक बसल्यास टाकी फुटून आग लागण्याचा धोका होता. १९७३ मध्येच कंपनीच्या एका अभियंत्याने मोटारींच्या आगींचा हिशेब मांडला होता : वर्षाला फार तर ५०० मृत्यू, दर जिवाची किंमत २ लाख डॉलर, रस्त्यावरील वाहने ४ कोटी १० लाख; म्हणजे वाहनामागे सुमारे २ डॉलर ४० सेंट. अंकगणित बिनचूक होते. परंतु किंमत ठरविणारा एक आणि जीव गमावणारा दुसराच होता.

१९९३ मध्ये सरकारी यंत्रणेने हे ट्रक परत बोलावण्याची विनंती केली. कंपनीने ती धुडकावली. १९९४ च्या अखेरीस तडजोड झाली. कंपनीने सुरक्षा-कार्यक्रमांसाठी सुमारे ५ कोटी १० लाख डॉलर देऊ केले आणि टाक्या होत्या तेथेच राहिल्या. वाहनसुरक्षेचा कायदा तेथे १९६६ पासून होता, हे येथे लक्षात घ्यावे.

आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात अशी तरतूद आली व १ एप्रिल २०२१ पासून ती अमलात आली. उत्पादकाने स्वतःहून पाऊल न उचलल्यास १० लाख ते १ कोटी रुपये दंड होऊ शकतो. पण १ कोटीचा दंड १ लाख वाहनांवर विभागला तर वाहनामागे केवळ १०० रुपये पडतात! शिवाय ही तरतूद सात वर्षांच्या आतील वाहनांपुरतीच आहे. भाजीपाला नि दूध वाहणारे पिकअप दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हाती येते, तेव्हा बहुधा ही मुदत उलटलेली असते. अमेरिकेत विनामूल्य दुरुस्तीची मुदत आज पंधरा वर्षे आहे.

तेव्हा दंड दुरुस्तीच्या खर्चाहून नेहमीच अधिक असावा आणि वयाची मर्यादा वाढवावी. दोष लपविणे दुरुस्तीपेक्षा स्वस्त पडत असेल, तर कायदा केवळ कागदावरच राहील.