रंगीत रोल आणि घरचे पाणी

रंगीत छायाचित्रांचा रोल घरी धुता येतो असे आज कोणास सांगितले, तर दोन प्रश्न हमखास येतात. असे रोल आता मिळतात तरी कुठे? आणि घरी कशाला? पहिल्याचे उत्तर सोपे आहे. रोल अद्याप तयार होतात आणि शहरांतील विक्रेत्यांकडून मागविता येतात. दुसरा प्रश्न मात्र अर्थशास्त्राचा आहे, आणि त्याचे सरधोपट उत्तर, म्हणजे ‘पैसे वाचतात म्हणून’, हे चुकीचे आहे.

गेल्या मे महिन्यात मांजरसुंब्यास एका विद्यार्थ्याच्या घरी आम्ही पाच रोल धुतले. तीन नवे होते. दोन त्याच्या वडिलांचे, वीस-बावीस वर्षे ट्रंकेत पडून राहिलेले. ‘बीडला गेलो की धुवायला टाकू’ असे म्हणता म्हणता बीडमधली दुकाने रोल घेईनाशी झाली आणि रोल ट्रंकेतच राहिले. अशा ट्रंका या भागात किती असतील याची मोजदाद कोणी केलेली नाही.

वस्तुतः प्रक्रिया दिसते तितकी गूढ नाही. कोडॅकने १९७२ साली आणलेली ‘सी-४१’ ही पद्धत पुढे रंगीत निगेटिव्हसाठी जगभर रूढ झाली. कंपनी कोणतीही असो, रोल त्याच रसायनांत धुतला जातो. पूर्ण अंधारात फिल्म रिळावर चढवून झाकणबंद टाकीत ठेवावी लागते. इथे लाल दिवाही चालत नाही. आम्ही दोन गोधड्यांखाली हे काम उरकले. एकदा टाकी बंद झाली की पुढचे सारे उजेडात करता येते. डेव्हलपरचे तापमान ३७.८ अंश सेल्सिअस, म्हणजे बरोबर १०० अंश फॅरनहाइट, आणि वेळ ३ मिनिटे १५ सेकंद. तापमानात पाव अंश फॅरनहाइटपेक्षा अधिक फरक पडू नये असा दंडक आहे, कारण रंगांचा तोल तिथेच ढळतो. ताप मोजण्याचा घरातला थर्मामीटर नेमका याच टप्प्यात अचूक असतो, हा योगायोग मोठा सोयीचा! त्यानंतरच्या ब्लीच, फिक्सर आणि स्टॅबिलायझर या पायऱ्यांना उष्णतेचा एवढा जाच नाही.

थंड देशातील हौशी माणसास हे पाणी तापवून तसेच टिकवावे लागते. बालाघाटाच्या माथ्यावर मे महिन्याच्या दुपारी आमची अडचण उलटी होती. गच्चीवरील टाकीचे पाणीच अधिक तापलेले, तेव्हा माठातले पाणी घालून ते उतरवावे लागले. कृष्णधवल रोल साधारणतः वीस अंशांवर धुतला जातो, आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात वीस अंशांचे पाणी म्हणजे बर्फाची शोधाशोध. हवामानाचा विचार केला तर रंगीत रोल आपल्याला अधिक जवळचा ठरावयास हवा होता. तसे घडले नाही, आणि त्याचे कारण रसायनात नव्हे, बाजाराच्या रचनेत आहे.

‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली पडद्यावर आला तेव्हा त्याची फिल्म दादासाहेब फाळक्यांच्या दादरच्या घरातच धुतली गेली होती, आणि सरस्वतीबाई ते काम करीत होत्या. पुढे अवघ्या वीस वर्षांनी, १९३३ साली, ‘प्रभात’च्या ‘सैरंध्री’वर रंगीत प्रक्रिया करून घेण्यासाठी व्ही. शांताराम यांना जर्मनी गाठावी लागली, आणि रंग मनासारखे आले नाहीत ते आलेच नाहीत. स्वयंपाकघरात होणारे काम रंग येताच घराबाहेर, देशाबाहेर गेले.

तालुक्याच्या छायाचित्रकाराचेही पुढे तेच झाले. कृष्णधवल रोल तो स्वतः धुवी आणि स्वतःच छापी. रंगीत रोल आला, त्यामागून महागडी यंत्रे असलेल्या प्रयोगशाळा आल्या, आणि हा कारागीर रोल गोळा करून एस.टी.ने शहरात पाठविणारा दलाल झाला. श्रमविभागणीने छपाई जलद झाली हे नाकारता येणार नाही, परंतु कौशल्य मात्र गावातून उठून गेले. मग डिजिटल कॅमेरा आला, प्रयोगशाळा बंद पडल्या, आणि परत घेण्यासारखे गावाकडे काहीच उरले नव्हते.

आता खर्चाचे पाहू. एक लिटर रसायनाच्या संचात साधारण बारा ते सोळा रोल निघतात, पण एकदा कालवलेला डेव्हलपर हवेने बिघडतो आणि काही आठवड्यांतच संपवावा लागतो. वर्षाकाठी दोन रोल काढणाऱ्याने तो एकट्याने घेतला, तर प्रत्येक रोलमागे पडणारा खर्च मोठ्या शहरातील प्रयोगशाळेच्या दरापेक्षा अधिक होईल. काटकसरीच्या नावाखाली या छंदाचा प्रचार करणाऱ्यांनी हा साधा भागाकार करून पाहावा. हाच संच दहा जणांत वापरला तर हिशेब बदलतो. म्हणून माझे म्हणणे असे, की हे काम घरापेक्षाही तालुक्याच्या महाविद्यालयाच्या रसायनशाळेत व्हावे. अंधारी खोली, मोजपात्रे, तापमापक हे तिथे असतेच. विद्यार्थ्यांनी वर्षातून एक आठवडा गावातले जुने रोल मागवून धुवावेत.

रसायनशाळा म्हणण्याचे आणखी एक कारण आहे. कृष्णधवल निगेटिव्हमध्ये चित्र चांदीचेच असते. रंगीत निगेटिव्हमध्ये केवळ रंगद्रव्य राहते, आणि चांदी विरघळून वापरलेल्या द्रावणात उतरते. मोठ्या प्रयोगशाळा ती परत मिळवीत. ते त्यांचे जोडउत्पन्नच होते. घरी मात्र हे पाणी मोरीत ओतण्याचा मोह होतो. ज्या मुलखात जानेवारीतच टँकरचे बोलणे सुरू होते, तिथे विहिरीच्या वरच्या अंगाला असले पाणी सोडणे हा निव्वळ अपराध होय. शिवाय डेव्हलपरने कातडीवर पुरळ येऊ शकतो, तेव्हा हातमोजे हवेत, आणि त्यासाठी वापरलेले भांडे पुन्हा स्वयंपाकात नको.

त्या दोन जुन्या रोलांपैकी एक उष्णतेने पार काळवंडला होता. दुसऱ्यात सहा चौकटी निघाल्या, फिकट आणि हिरवट झाक असलेल्या. एकीत विद्यार्थ्याची आजी दारात बसून शेंगा फोडीत आहे. तिचा दुसरा फोटो घरात नाही. विद्यार्थ्याचे वडील ती ओली पट्टी उजेडाकडे धरून बराच वेळ उभे होते.

वापरलेले द्रावण दोन कॅनमध्ये भरून ओसरीच्या कोपऱ्यात ठेवले आहे. ते घेऊन जाणारा माणूस अद्याप मिळालेला नाही.