गळ टाकणाऱ्यांनी राखलेली नदी

शिकारी म्हणजे निसर्गाचा वैरी, हे समीकरण आपल्या मनात घट्ट बसले आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून देशात शिकारीची दारे बंद होत गेली आणि पुढच्या पिढ्यांना त्यावर शंका घेण्याचे कारणच उरले नाही. अमेरिकेतील अलास्का राज्यातल्या ब्रिस्टल बे खोऱ्यात मात्र हे समीकरण जुळत नाही. तिथल्या सरकारी जमिनीखाली तांबे, सोने आणि मॉलिब्डेनम यांचा अवाढव्य साठा आहे. 'पेबल' नावाची ही नियोजित खाण वर्षानुवर्षे कागदावरच राहिली आणि ती तशी ठेवण्यात बंदूक व गळ हाती धरणाऱ्यांचा मोठा वाटा आहे. निसर्ग कायद्याने वाचतो हे खरे. पण तो कायदा राबवून घ्यायला त्या जागेशी दरवर्षी काम पडणारी माणसे लागतात.

तिथे पणाला काय लागले आहे, ते आधी पाहू. जगातल्या सॉकआय सॅमनपैकी जवळपास निम्मा मासा या खोऱ्यातला. २०२२च्या हंगामात सुमारे ७ कोटी ९० लाख मासे समुद्रातून इथे परतले. ज्या ओढ्यात जन्म झाला त्याच्या पाण्याचा वास ओळखत हा मासा अंडी घालायला येतो. पाण्यात विरघळलेले तांबे अब्जात दोन-चार भागांनी वाढले, तरी सॅमनची घ्राणशक्ती मंदावते, असे प्रयोगांत दिसले आहे. पेबलच्या शंभर टन दगडात तांबे अर्धा टनही नाही. उरलेला गंधकयुक्त चुरा बांध घालून कायमचा सांभाळायचा, तोही भूकंपप्रवण प्रदेशात. २०१४मध्ये कॅनडातील माउंट पॉली खाणीचा असाच बांध फुटला आणि गाळ थेट तलावांत उतरला.

या लढ्याचे पहिले श्रेय तिथल्या आदिवासींना आणि सॅमनवर पोट असलेल्या मच्छीमारांना. 'ट्राउट अनलिमिटेड'सारख्या हौशी गळकऱ्यांच्या आणि शिकाऱ्यांच्या संघटना त्यांच्या बाजूला उभ्या राहिल्या, तेव्हा लढ्याचे राजकीय वजन वाढले. अलास्का हे तेलावर चालणारे, रिपब्लिकन पक्षाला मानणारे राज्य. तरीही २०१४च्या सार्वमतात जवळपास दोन तृतीयांश मतदारांनी या खोऱ्यातील मोठ्या खाणींना विधिमंडळाच्या मंजुरीची अट घातली. ट्रम्प सरकारने २०१९मध्ये खाणीवरील प्रस्तावित निर्बंध मागे घेतले; पण ऑगस्ट २०२०मध्ये शिकार-मासेमारीचा शौक असलेले त्यांचे थोरले चिरंजीव डोनाल्ड ज्युनियर यांनीच ट्वीट करून खाणीला जाहीर विरोध केला. त्याच वर्षी नोव्हेंबरात लष्कराच्या अभियंता विभागाने परवाना नाकारला आणि जानेवारी २०२३मध्ये पर्यावरण संरक्षण संस्थेने स्वच्छ जल कायद्याखाली मनाई केली. एका ट्वीटने खाण अडली, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. मात्र पर्यावरणवाद्यांना 'विकासविरोधी' म्हणून झटकून टाकता येते. आपल्याच मतदारांना तसे झटकता येत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की, जीव घेणाऱ्यांना रक्षक कसे म्हणायचे? त्यांना संत ठरवण्याची गरज नाही. पुढच्या हंगामातही मासा आणि सावज हवे, हा त्यांचा स्वार्थ आहे आणि त्या स्वार्थाची किंमत ते मोजतात. १९३७च्या कायद्याने अमेरिकेत शिकारीच्या बंदुका व काडतुसांवरील कराचा पैसा वन्यजीव संवर्धनाकडे वळवला. १९५०मध्ये मासेमारीच्या साहित्यालाही तोच न्याय लावला. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : विजेच्या गाड्यांना तांबे लागणारच, मग ते आणायचे कुठून? तांब्याची गरज कोणी नाकारत नाही. पण तांबे इतरत्रही सापडते, जुन्या तारांतून पुन्हा काढता येते. सॅमनचे असे खोरे दुसरीकडे उभारता येत नाही. शिवाय सॅमनचे उत्पन्न दरवर्षी येते. खाणीचे काही दशकांत संपते आणि चुऱ्याची राखण मात्र कायमची मागे उरते. तिसरा आक्षेप मान्यच करायला हवा. हेच शिकारी अनेकदा खाणधार्जिण्या पुढाऱ्यांना निवडून देतात. त्यांची निष्ठा पर्यावरणवादाशी नाही, ओळखीच्या नदीशी आहे. ब्रिस्टल बेमध्ये तेवढ्या निष्ठेनेही मोठे काम केले.

यातून आपल्याकडे शिकार पुन्हा सुरू करावी, असा निष्कर्ष कोणी काढू नये. धडा वेगळा आहे. गडचिरोलीतील मेंढा-लेखाला २००९मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. बांबू विकणारे गावच त्या जंगलाची राखण करते. तरीही जंगलातून काही घेणारा प्रत्येक जण आपल्या प्रशासनाला अतिक्रमणकर्ता वाटतो, आणि खाणीची जनसुनावणी त्याच्यासाठी नुसता उपचार उरतो. जंगलावर ज्यांचे वर्षाचे पोट आहे त्यांना बाहेर काढले, तर खाण दारात आल्यावर तिला अडवायला फक्त फाइल उरते. आणि फाइलवरचा शेरा सरकार बदलले की बदलतो.